समेवर न येणारी गाणी

या पुस्तकातला सर्वांत जुना लेख मी मुळात इंग्रजीत लिहिला होता. विषय होता 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको', १९६७ सालची, अँडी वॉरहॉलच्या पिवळ्याधमक केळ्याचं मुखपृष्ठ असलेली रेकॉर्ड. लेख चार पानी होता आणि माझ्या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे झकास होता. सात-आठ वर्षांनी तो मराठीत करायला घेतला आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकलो. ओळीने मांडलेल्या विशेषणांपैकी एकाचंही मराठी होईना. आधी वाटलं, मराठी अपुरी पडतेय. मग लक्षात आलं की ती विशेषणं माझी नव्हतीच. कुठल्याशा मासिकात, रेकॉर्डच्या पाठीवर, कुणाच्या तरी पुस्तकात वाचलेली मतं मी ऐकण्याच्या आधीच गोळा करून ठेवली होती आणि ऐकताना फक्त ती जुळतायत का ते तपासत होतो. रॉकबद्दल मराठीत फारसं कुणी लिहून ठेवलेलं नसल्यामुळे उसनं घ्यायची सोय नव्हती. निमूट उठलो, रेकॉर्ड पुन्हा लावली, आणि खरं म्हणजे तेव्हा ती पहिल्यांदा ऐकली.

त्या ऐकण्यात जे सापडलं ते मिरजेचं होतं. माझं लहानपण तिथलं, घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर शाळेतून येता-जाता किती वेळा पाहिला असेल. घोडीवर कानस दोन-चारदा फिरवायची, फुंकर मारून भुगा उडवायचा, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा कानस. तार घोडीला टेकल्या न टेकल्यासारखी राहिली पाहिजे. मग सूर नुसता वाजत नाही, गुणगुणतो. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा जॉन केल व्हायोला वाजवायचा. त्यानेही आपल्या व्हायोलाची घोडी घासून सपाट केली होती, गज एका वेळी तीन तारांवरून फिरावा म्हणून. तारा लावल्या होत्या गिटारच्या आणि मेंडोलिनच्या. 'व्हीनस इन फर्स' या गाण्याखाली जो करकरीत, जागचा न हलणारा सूर चालू राहतो, तो या खटपटीतून आलेला. त्याआधी केल न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंगच्या मंडळींत होता. एखाददुसरा सूर धरून तासन्‌तास बसणारी ही मंडळी. यंगच्या कानावर तंबोरा पडला तो पन्नासच्या दशकात अमेरिकेत निघालेल्या अली अकबर खाँच्या रेकॉर्डवरून.

इथं एक खुलासा करतो. पुढे १९७० मध्ये यंग किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, आणि किराणा म्हटलं की मिरजकराला अब्दुल करीम खाँसाहेब आठवणारच. त्यामुळे 'व्हेल्व्हेटवाल्यांनी आपल्याकडूनच उचललं' असं सांगायचा मोह होतो. एका मैफलीनंतरच्या चहाला मीही ते ठोकून दिलं होतं. तारखा जुळत नाहीत. यंगला प्राणनाथ भेटले तोवर केल व्हेल्व्हेटमध्ये जाऊन तिथूनही बाहेर पडला होता. नातं असेलच तर तंबोऱ्याशी, तेही एका रेकॉर्डच्या वाटेने. मला तेवढं पुरतं.

बाकी व्हेल्व्हेटच्या या रेकॉर्डला सगळे 'अंधारी' म्हणतात. मला ती खर्जात मांडी ठोकून बसलेली वाटते. त्यांची ड्रमर मो टकर उभ्याने वाजवायची, मोठा ड्रम आडवा ठेवून, आणि झांजांना जवळजवळ हातच लावायची नाही. रॉकच्या वादनावर एरवी जो चकचकाट सतत पसरलेला असतो तो त्यामुळे निघून गेला. काय राहिलं ते ऐकू येतं.

तेव्हापासून स्वतःला एक नियम घालून घेतला. कुठल्याही रेकॉर्डबद्दल जे म्हणायचं ते आधी मराठीत म्हणता आलं पाहिजे. येत नसेल तर अजून ऐकून झालेलं नाही असं समजायचं. या पुस्तकात अशा तेवीस रेकॉर्डी आहेत. मी वाजवणारा नाही. हार्मोनियमचा क्लास चार महिन्यांत सुटला आणि गिटार ज्याची होती त्याला परत केली. ऐकण्याचे शब्द माझ्याकडे आहेत ते सगळे बैठकीतले, अण्णांच्या म्हणजे वडिलांच्या मागे सतरंजीवर बसून मिळालेले: ठेका, सम, भरणा, आवर्तन, आस. हे शब्द न्यूयॉर्क, लंडन, कोलोनच्या गाण्यांना लावणं कितपत बरोबर, असं कुणीही विचारेल. काही ठिकाणी ते चपखल बसतात, काही ठिकाणी साफ फसतात. फसतात तिथला तपशील जास्त मजेचा आहे.

कॅप्टन बीफहार्टची 'ट्राउट मास्क रेप्लिका' घ्या. १९६९ सालची दुहेरी रेकॉर्ड, अठ्ठावीस तुकडे, निर्माता फ्रँक झप्पा. तबला शिकणारा एक मित्र होस्टेलवर शेजारच्या खोलीत राहायचा. त्याला पहिलाच तुकडा ऐकवला. जेमतेम पावणेदोन मिनिटांचा. हा गादीवर बसून बोटांच्या पेरांवर मात्रा मोजू लागला. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने माझ्या हेडफोनचा डावा कान स्वतःला लावला आणि उजवा मला दिला. "तू उजवीकडचा गिटारवाला मोज, मी डावीकडचा मोजतो." आम्ही दोघं मोठ्याने मोजत होतो आणि एकदाही एकत्र 'एक' म्हणालो नाही. शेवटी तो म्हणाला, "अरे, हे एका घरात राहतात पण स्वयंपाक वेगळा करतात."

गंमत अशी की ते खरोखरच एका घरात राहत होते. लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्समध्ये भाड्याच्या घरात आठेक महिने तालीम चालली होती. बीफहार्टला पियानो येत नव्हता. तो पियानोवर हात आपटायचा, ड्रमर जॉन फ्रेंच ते नोटेशनमध्ये उतरवायचा आणि मग एकेकाला त्याचा त्याचा भाग घोकून घ्यायचा. म्हणजे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जो पोरखेळ वाटतो, त्यातला सूर न्‌ सूर पाठ केलेला आहे. पाठ इतकं पक्कं की बहुतेक वादन स्टुडिओत काही तासांत उरकलं. वर बीफहार्टने गायलं ते हेडफोन न लावता. काचेपलीकडून पाझरेल तेवढ्या आवाजावर. त्यामुळे त्याचा शब्द कधी आधी पडतो, कधी नंतर. इथं 'सम' हा शब्द घेऊन गेलात तर रिकाम्या हाताने परत याल, कारण समेवर यायचं असं कुणी ठरवलेलंच नाही. आमच्या कानाला वाट बघायची सवय. इथं वाट बघणंच सोडावं लागतं. मला त्याला दीडेक वर्ष लागलं. त्यानंतर ही रेकॉर्ड मला आवडते असं म्हणायची हिंमत झाली.

आवडते, पण पूर्वीसारखी निर्मळपणे नाही. त्या घरात पोरांची उपासमार व्हायची, आरडाओरडा, मारामाऱ्या चालायच्या, आणि एवढं सगळं उतरवून, शिकवून, वाजवूनही मुखपृष्ठावर फ्रेंचचं नाव नव्हतं. गुरूच्या घरी पाणी भरल्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. तसल्या गोष्टींकडे मी या रेकॉर्डमुळे वेगळ्या नजरेने बघू लागलो. आता वर्षातून दोनदा ऐकतो, जास्त नाही.

कॅनच्या 'टागो मागो'ची हकिकत उलटी. इथं 'ठेका' हा शब्द असा बसला की जणू त्यांच्यासाठीच घडवला असावा. कॅन हा कोलोनचा गट. होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट दोघं श्टॉकहाउझेनचे विद्यार्थी, याकी लीबेत्साइट हा फ्री जॅझला कंटाळून आलेला ड्रमर, आणि दामो सुझुकी हा म्युनिकच्या रस्त्यावर सापडलेला जपानी पोरगा, जो त्याच रात्री त्यांच्याबरोबर गायला उभा राहिला. एका गढीत तासन्‌तास वाजवायचं, टेप चालू ठेवायची आणि नंतर चुकायने कात्री घेऊन बसायचं, अशी ही १९७१ सालची रेकॉर्ड. तिची अख्खी दुसरी बाजू म्हणजे साडेअठरा मिनिटांचं 'हालेलुवा'. लीबेत्साइट तेवढा वेळ एकच ठेका लावून बसतो. भरणा नाही, तिहाई नाही, बढाई नाही. कथकला लेहरा धरणारा सारंगिया जसा कौतुकाची अपेक्षा न ठेवता तेच ते वाजवत राहतो आणि हळूहळू तुमचं लक्ष नाचणारीकडून त्याच्याकडे वळतं, तसं होतं.

पण माझ्या या ठेक्याच्या बरोबर मधोमध 'खट्ट' असा आवाज होता. मला ही रेकॉर्ड मिळाली साठ मिनिटांच्या कॅसेटवर, होस्टेलातल्या कुणीतरी भरून दिलेली. पहिल्या बाजूची तीस मिनिटं 'हालेलुवा'च्या पोटात संपायची. कॅसेट उलटायची, पेन्सिलीने टेपचा ढिलेपणा काढायचा, पुन्हा लावायची; ठेका जिथं सोडला तिथून पुढे. ती 'खट्ट' इतकी अंगवळणी पडली की आजही नेमक्या त्या जागी माझा हात खाली जातो. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. मूळ रेकॉर्ड सत्तरहून जास्त मिनिटांची. म्हणजे माझी कॅसेट 'पेकिंग ओ' नावाच्या किंचाळ्यांच्या तुकड्यात अधेमधेच संपायची. या गटाला शेवट करता येत नाही, रेकॉर्ड वेडेपणात सोडून ते निघून जातात, असं मी एका दिवाळी अंकात ठणकावून लिहिलंही. सीडी हातात आली तेव्हा कळलं की त्यानंतर जवळजवळ सात मिनिटांचं एक शांत गाणं आहे, 'ब्रिंग मी कॉफी ऑर टी'. सगळं घर उधळून झाल्यावर कुणी आत जाऊन आधण ठेवावं तसं. तो दिवाळी अंकातला लेख मी इथं जसाच्या तसा ठेवलाय आणि त्याखाली दुसरा लेख जोडलाय. दोन्ही वाचा, म्हणजे माझ्या मतांवर किती विसंबायचं याचा अंदाज येईल.

ज्यांच्याबद्दल फार बोलायची गरज नाही अशाही रेकॉर्डी आहेत. पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) ऐकली नाही असा विद्यार्थी आमच्या होस्टेलात नव्हता, आणि तिच्याबद्दल मत नसलेलाही नव्हता. मला ती कडक इस्त्री केलेली वाटते. घडी कुठं मोडत नाही. एकच जागा जीव लावून ऐकतो. 'मनी' हे गाणं सात मात्रांत चालतं. सुरुवातीच्या नाण्यांच्या आवाजांची टेपही पट्टीने मोजून, सारखे तुकडे कापून जोडलेली. सॅक्सोफोनसुद्धा सातातच वाजतो. मग गिलमरची गिटार येते आणि सगळी गाडी चारात उतरते, रूपक सोडून केरव्यात यावं तशी. मैफलीत ठुमरीच्या शेवटाला लग्गी सुरू झाली की लोक जसे सावरून बसतात, तसा मी तिथं बसतो. बाकी वेळ आडवा.

येसची 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', तीही १९७३ चीच. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून गटाचा गायक जॉन अँडरसन याला सुचलेली, श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं यांवर बेतलेली चार गाणी. गाणी चार, रेकॉर्डच्या बाजूही चार. म्हणजे कीर्तनच. फक्त बुवांचा पूर्वरंग आवरत नाही, आणि उत्तररंग येईपर्यंत आरतीची वेळ झालेली असते. त्यांचाच रिक वेकमन या गाण्यांना इतका कंटाळला होता की एका प्रयोगात त्याने कीबोर्डवर बसल्या बसल्या करी मागवून खाल्ली. त्या प्रयोगाचं सर्वांत नेमकं परीक्षण तेच असावं.

बीटल्सवर एकच लेख आहे, 'रिव्हॉल्व्हर'वर (१९६६). 'सार्जंट पेपर' मला नाटकाच्या कपड्यांत आल्यासारखी वाटते. 'रिव्हॉल्व्हर' घरच्या कपड्यांतली, म्हणून जास्त धीट. तिच्यातलं शेवटचं 'टुमॉरो नेव्हर नोज' जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर तंबोऱ्याच्या आधाराने उभं आहे, आणि वर टेपची कडी फिरतायत, जी स्टुडिओभर वेगवेगळ्या यंत्रांवर माणसांनी पेन्सिलीत अडकवून ताणून धरली होती. पेन्सिलीचा हाही उपयोग आहे हे वाचून मला माझ्या कॅसेटी आठवल्या. त्याच रेकॉर्डवरच्या 'लव्ह यू टू'मध्ये तबला आहे आणि पाठीवर वादकाचं नाव छापलंय: अनिल भागवत. अण्णांनी माझ्या सबंध संग्रहातली एवढी एकच रेकॉर्ड आपण होऊन मागून घेतली. चष्मा लावून नाव दोनदा वाचलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "हात चांगलाय. मागे का बसवलंय त्याला?"

सगळ्यांत लांब लेख रॉबर्ट वायटच्या 'रॉक बॉटम'वर आहे आणि तो मी पाच वेळा लिहिला. वायट सॉफ्ट मशीन या गटाचा ड्रमर होता, आणि ड्रमरांतही अवघड वाजवणारा. जून १९७३ मध्ये एका पार्टीत तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. कमरेखालचं सगळं गेलं. ड्रमसेटमध्ये पायांचं काम किती असतं हे हाताच्या तालावर वाढलेल्या आपल्या मंडळींना चटकन लक्षात येत नाही: मोठा ड्रम एका पायाने, झांजांची जोडी दुसऱ्या पायाने. दोन्ही गेले म्हणजे खालची सगळी जमीन गेली. ही गाणी त्याला अपघाताआधी व्हेनिसमध्ये सुचू लागली होती. ती पूर्ण केली खुर्चीत बसून. पिंक फ्लॉइडच्या निक मेसनने, म्हणजे दुसऱ्या एका ड्रमरने, निर्मिती केली. रेकॉर्ड निघाली २६ जुलै १९७४ ला आणि त्याच दिवशी वायटने आल्फी बेंजशी लग्न केलं.

पाठीवरच्या श्रेयनामावलीत वायटच्या वाद्यांमध्ये एक ट्रे आहे, वाइनचा एक ग्लास आहे आणि कुणा जेम्सचा ड्रम आहे. विल्टशरमधल्या एका शेतघरात काम चाललं होतं. यजमानीण बाईंच्या घरात जे हाताला लागलं ते घेतलेलं. पोळी पानात पडेपर्यंत ताटावर बोटं वाजवत बसण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण तो वाजवतो ते वेळ काढण्यासाठी नाही. ऐकताना कळतं की ज्याला दोन हातांनी आणि दोन पायांनी विचार करायची सवय होती, तो आता दोनच हातांनी करतोय आणि त्यामुळे थांबून करतोय.

पहिलं गाणं 'सी साँग'. शेवटाकडे शब्द संपतात आणि वायट आपल्या त्या बारीक, चिरक्या, किंचित रडवेल्या आवाजात नुसतंच गात राहतो. त्याला आलाप म्हणायला गेलो, पण आलाप कुठंतरी चढत जातो, हा जात नाही. पहिल्या चार खर्ड्यांत इथंच गाडी अडली. पाचव्या खेपेला आईकडून शब्द मिळाला. मी तिला काहीच विचारलं नव्हतं, ती दुपारची कोथिंबीर निवडत बसली होती, गाणं चालू होतं, आणि ती म्हणाली, "कुणाला आळवतोय रे हा एवढा?" आळवणं. देवाला, रुसलेल्या माणसाला, न येणाऱ्या पावसाला. पुढे 'अलिफिब'मध्ये तो बायकोच्या नावाशी लहान मुलासारखा बोबडं खेळतो; ते नाव श्वासासारखं कुजबुजत राहतं आणि त्या श्वासाचाच ठेका होतो. नंतरच्या तुकड्यात आल्फी स्वतः बोलून त्याला उत्तर देते. चांगलंच सुनावते. मी ती रेकॉर्ड पंधरा वर्षं दुःखाची म्हणून ऐकत होतो. आईचा शब्द हाताशी आल्यावर ती लग्नाची म्हणून ऐकू लागलो.

टॉक टॉकच्या 'स्पिरिट ऑफ ईडन'वरचा (१९८८) लेख अगदी छोटा आहे. आधी नाचायची गाणी करून नाव कमावलेला हा गट. लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ अंधार करून बसला, कितीतरी वादकांकडून तासन्‌तास वाजवून घेतलं, आणि गटाचा गायक मार्क हॉलिस याने त्यातलं बहुतेक टाकून दिलं. जे उरलंय ते इतकं विरळ आहे की पंखा चालू असला तर अर्धी रेकॉर्ड जाते. उन्हाळ्यात आमच्याकडे ती लावता येत नाही. लेख छोटा असण्याचं कारण एवढंच.

लेखांचा क्रम सालांप्रमाणे नाही, मला ज्या क्रमाने रेकॉर्डी भेटल्या तसा आहे. अपवाद शेवटच्या लेखाचा. लू रीडची १९७५ सालची 'मेटल मशीन म्युझिक' मी फार आधी ऐकली होती, पण ती शेवटी घातलीय. व्हेल्व्हेटमध्ये केलच्या व्हायोलाशेजारी गिटार वाजवणारा हाच तो माणूस. दुहेरी रेकॉर्ड, चारही बाजूंना फक्त गिटारींचं अ‍ॅम्प्लिफायरशी जुंपलेलं भांडण; गाणं नाही, ताल नाही, माणसाचा आवाज नाही. थट्टा होती की मनापासून होतं यावर लोक अजून वाद घालतात. मला वाटतं, दोन्ही. घोडी सपाट करून मिळालेल्या त्या सुरातून मधलं गाणं काढून टाकलं आणि नुसती जवारी तेवढी वाढवत नेली, तर इथंच पोहोचायला होतं. मला ती वर्षातून एखाद्या पावसाळी दुपारी पंधरा मिनिटं मनापासून आवडते आणि सोळाव्या मिनिटाला सहन होत नाही.

कॅसेटवर कळत नाही अशी एक गोष्ट तिच्यात आहे. चौथ्या बाजूची शेवटची खाच गोल बंद केलेली आहे. सुई तिच्यात फिरत राहते आणि रेकॉर्ड आपणहून संपत नाही. मूळ रेकॉर्ड घरी आणली त्या दिवशी मी मुद्दाम ती बाजू लावून गॅलरीत जाऊन बसलो, बघू किती वेळ चालते म्हणून. दहा-बारा मिनिटांनी आवाज थांबला. आत आलो तर आई ओले हात पदराला पुसत उभी होती. सुई तिने उचलून बाजूला ठेवली होती. "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय वाटलं," ती म्हणाली, "म्हणून आधी मिक्सर बंद केला."